सावकाश धावेचा बूट : मऊ की पातळ?

सावकाश धाव म्हणजे बोलता बोलता करता येणारी धाव. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले, मध्येच शब्द तुटला नाही, तर वेग बरोबर आहे असे समजावे. आदल्या दिवशी जोराचा सराव किंवा लांब पल्ला झाला असेल आणि दुसऱ्या दिवशी अंग मोकळे करायला याहूनही हळू, वीस ते चाळीस मिनिटे धावले, तर तिला रिकव्हरी रन म्हणतात. मराठीत तिला विश्रांतीची धाव म्हणता येईल. लांब पल्ल्याचे कसलेले धावपटू आठवड्याच्या एकूण धावण्यापैकी सुमारे ८० टक्के धावणे असेच सावकाश करतात. बुटाचे सर्वांत जास्त किलोमीटर याच धावांत खर्ची पडतात. म्हणून धावण्याचा पहिला बूट घेताना विचार शर्यतीचा नव्हे, या धावांचा करायला हवा.

दक्षिण सोलापूर तालुक्यातले मंद्रूप हे सोलापूर–विजयपूर महामार्गावरचे मोठे गाव. भोवती काळी जमीन, ज्वारी आणि ऊस, दक्षिणेला भीमा आणि तिच्या पलीकडे कर्नाटक. अशा गावांत पहाटे धावायला निघणाऱ्यांत साधारण तीन प्रकारची माणसे असतात : पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली, साखर किंवा रक्तदाब निघाल्यावर डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितलेले प्रौढ, आणि दहा किलोमीटर किंवा अर्ध मॅरेथॉनची हौस लागलेले नोकरदार. तिघांची वजने वेगळी, वये वेगळी, धावण्याची जागाही वेगळी. तिघांना एकच बूट चालेल असे नाही.

बुटाच्या बाबतीत दोन मते ठामपणे मांडली जातात. एक मत असे की जाड, मऊ तळाचा बूट पायाला आळशी करतो. पातळ तळावर धावावे, पाय आपोआप घडतो. दुसरे मत असे की सावकाश धावेला मऊ तळच हवा, नाहीतर नडगी, टाच आणि गुडघा तक्रार करतात. पुढील संवादात पहिले मत सैन्यातून निवृत्त होऊन भरतीच्या मुलांचा सराव घेणाऱ्या मामांच्या तोंडी घातले आहे, दुसरे सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करणाऱ्या त्यांच्या भाचीच्या तोंडी. दोघेही कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र खरोखर वादात असलेलेच आहेत.

पाय घडतो कुठे?

मामा : पोरी, आम्ही फौजेत कॅनव्हासच्या पीटी शूजवर पळालो. तळ म्हणशील तर पोळीएवढा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी लांबच्या शाळेला चालत-पळत जायचा. तेव्हा त्याच्या पायाखाली कुठली गादी होती? २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य आणलं की त्यानं. पाय जमिनीवर घडतो, दुकानात नाही.

भाची : मामा, पाय जमिनीवर घडतो हे मला मान्य आहे. पण तो लहानपणापासून, वर्षानुवर्षं, थोडा थोडा घडतो. तुमच्याकडे येणारा पोरगा वीस-एकवीस वर्षांचा असतो. कॉलेजला तो मोटरसायकलवर गेलेला. भरती चार महिन्यांवर आली की तो एकदम रोज पळायला लागतो. साबळेच्या पायाला जी वर्षं मिळाली, ती या पोराच्या पायाला मिळालेली नाहीत.

मामा : मग अबेबे बिकिलाचं काय? १९६० ला रोमच्या दगडी रस्त्यावर अनवाणी मॅरेथॉन जिंकली. आपला मिलिंद सोमण तर पन्नाशी उलटल्यावर फ्लोरिडाला जाऊन अनवाणी अल्ट्रामॅन पुरी करून आला.

भाची : बिकिलाचीच पुढची गोष्ट सांगते. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. रोममध्ये त्याला २ तास १५ मिनिटं लागली होती, टोकियोत २ तास १२. माणूस तोच. म्हणजे त्याची ताकद अनवाणी असण्यात नव्हती आणि बुटातही नव्हती. आणि सोमण अनवाणी धावतात ते कित्येक वर्षांच्या सवयीनं. ती सवय एका हंगामात उसनी घेता येत नाही.

अनवाणी धावण्याच्या बाजूला शास्त्राचा आधार अजिबात नाही असे नव्हे. हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, लहानपणापासून अनवाणी धावणारी माणसे बहुधा टाचेऐवजी चवड्यावर किंवा पूर्ण तळव्यावर उतरतात, आणि त्यामुळे जमिनीला पाय लागताक्षणी बसणारा पहिला ठोका फारसा उमटत नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत पातळ तळाच्या बुटांची लाट आली. पण २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, दहा आठवड्यांत नेहमीच्या बुटावरून पातळ बुटावर आलेल्या धावकांच्या पायाचे एमआरआय काढले गेले. नेहमीचे बूट वापरत राहिलेल्यांपेक्षा यांच्या पायाच्या हाडांत ताणाची सूज अधिक जणांमध्ये दिसली. पातळ तळ वाईट आहे असा याचा अर्थ नाही. घाईचा बदल वाईट, एवढाच त्याचा अर्थ. भरतीच्या मुलांच्या वाट्याला नेमकी घाईच आलेली असते.

गादी नेमके काय करते?

धावताना दर पावलाला एक क्षण दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळे वजन एका पायावर येते. सावकाश धावेतही त्या पायावरचा भार शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट असतो. साठ किलोच्या धावकासाठी हा भार १२० ते १५० किलो. सात मिनिटांना एक किलोमीटर या वेगाने पाच किलोमीटर धावायला ३५ मिनिटे लागतात. मिनिटाला १६० पावले धरली तर एकूण ५,६०० पावले होतात, एकेका पायाची २,८००. भार मोठा असतोच, पण दुखापतीच्या दृष्टीने तो पुन्हा पुन्हा येतो ही गोष्ट अधिक महत्त्वाची.

मामा : तेच म्हणतोय मी. इतक्या वेळा मऊ गादीवर आपटलास तर पाय शिकणार काय? माती मऊ असली की बैलसुद्धा पाय ओढत चालतो.

भाची : मऊ तळ भार नाहीसा करत नाही, मामा. तो भार यायला लागणारा वेळ किंचित वाढवतो. छतावरून उडी मारताना गुडघे वाकवून उतरलं तर दणका कमी बसतो ना, तसं. भार तोच, पण एकदम न येता पसरून येतो.

मामा : मग जितकं मऊ तितकं चांगलं, असं म्हण की.

भाची : नाही. इथं तुमचं म्हणणं काही अंशी खरं निघालंय. फिनलंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक फार जाड तळाचा बूट आणि एक नेहमीचा बूट तपासला. जाड बुटात पहिला ठोका कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाला तो फरक जास्त दिसला. तळ मऊ लागला की पाय आपोआप ताठ होतो, गुडघा कमी वाकतो. पाय स्वतःची स्प्रिंग कडक करून घेतो.

मामा : बघ! मी काय म्हणत होतो?

भाची : पण तो वेग लक्षात घ्या. साडेचौदा म्हणजे किलोमीटरला चार मिनिटं आणि थोडे सेकंद. ती काही सावकाश धाव नव्हे. शिवाय धावक बाराच होते आणि किती जण पुढे दुखावले हे त्यात मोजलंच नव्हतं. दुखापती मोजल्या त्या लक्झेंबर्गमध्ये.

लक्झेंबर्गचा तो प्रयोग या विषयातला मोठा आधार मानला जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८४८ हौशी धावकांना दिसायला सारखेच बूट वाटले गेले. काहींचा तळ मऊ होता, काहींचा कडक. कोणाला कोणता मिळाला हे धावकांना सांगितले नव्हते. सहा महिन्यांच्या पाहणीत कडक तळाच्या गटात दुखापतीचा धोका मऊ तळाच्या गटाच्या साधारण दीडपट आढळला. त्यातली एक गोष्ट सर्वसाधारण समजुतीच्या उलट होती. मऊ तळाचा फायदा वजनदार धावकांना अधिक होईल असा अंदाज होता. तो ठळकपणे दिसला मात्र हलक्या वजनाच्या धावकांत. ‘वजन जास्त, म्हणून सर्वांत जाड बूट घ्या’ हा दुकानातला नेहमीचा सल्ला त्यामुळे डोळे मिटून घेण्याजोगा राहत नाही. वजनदार माणसाच्या खाली फार मऊ फोम पूर्ण दबून जातो आणि बूट बाजूला कलतो. त्याला जाडी हवी, पण जरा घट्ट फोमाची.

दोन्ही बाजूंचा मेळ वेगाशी बसतो. गादीचा उपयोग हळू धावेला, जिथे पाय जमिनीवर जास्त वेळ टेकतो आणि पावले जास्त पडतात. जोराच्या धावेत, जिथे पाय झटकन उचलायचा असतो, तिथे हलका आणि कमी उंचीचा बूट सोयीचा.

फोम, जाडी आणि टाचेची उंची

बुटाच्या तळाचे तीन थर असतात. पायाला लागते ती सुकतळी, जमिनीला लागते ते रबर, आणि या दोहोंमध्ये फोमाचा जाड थर, ज्याला मिडसोल म्हणतात. गादी म्हणजे हा मधला थर. सुकतळी कितीही गुबगुबीत असली तरी ती गादीचे काम करीत नाही. दुकानात बूट हातात घेऊन बोटाने सुकतळी दाबून ‘लई मऊ आहे’ म्हणणे ही म्हणूनच फसगत. दाबायचा तो बाजूने दिसणारा मधला थर.

या थरात मुख्यतः तीन प्रकारचे फोम येतात. सर्वांत जुना आणि स्वस्त ईव्हीए. बहुतेक बूट त्याचेच किंवा त्याच्या सुधारित मिश्रणाचे असतात. दुसरा टीपीयू, जो आदिदासने २०१३ मध्ये ‘बूस्ट’ या नावाने धावण्याच्या बुटांत आणला. तो टिकाऊ, पण वजनाला जड. तिसरा पेबा, जो २०१७ पासून नायकीच्या शर्यतीच्या बुटांमुळे गाजला. तो हलका आणि उसळणारा, पण महाग. सावकाश धावेला चांगल्या प्रतीचा ईव्हीए किंवा त्याचे मिश्रण पुरेसे होते. उसळी ही वेगासाठी लागणारी गोष्ट. विश्रांतीच्या धावेत तिचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

मामा : आणि हे उंच उंच बूट? पोरं त्यावर उभी राहिली की खुर्चीवर चढल्यासारखी दिसतात.

भाची : २००९ मध्ये फ्रान्समध्ये होका कंपनी निघाली, तेव्हापासून ही उंची रुळली. आता बाकीच्या कंपन्यांचेही तसे बूट आहेत. असिक्सचा जेल-निंबस घ्या. नायकीचा पेगासस किंवा ब्रूक्सचा घोस्ट हे मधल्या जाडीचे. टाचेखाली तीस ते पस्तीस मिलिमीटर ही मधली जाडी झाली, चाळीसच्या आसपास म्हणजे फार जाड.

मामा : आणि टाच पुढच्यापेक्षा उंच ठेवतात, ती कशाला?

भाची : टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात. तो दहा मिलिमीटरच्या आसपास असला की पोटरी आणि टाचेच्या शिरेवरचा ताण कमी होतो आणि गुडघ्याकडे थोडा सरकतो. चारच्या खाली गेला की उलट. ताण नाहीसा कधीच होत नाही, मामा, फक्त जागा बदलतो. म्हणून ज्याची टाचेची शीर दुखते त्यानं एकदम सपाट बूट घेऊ नये, आणि ज्याचा गुडघा कुरकुरतो त्यानं फार उंच टाचेचा घेऊ नये.

पूर्वी बूट निवडताना ओल्या पायाचा ठसा पाहत, तळपायाची कमान उंच की सपाट ते ठरवत आणि त्यानुसार वेगळा बूट देत. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या भरतीवर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. कमानीनुसार बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. याउलट, कॅनडातल्या संशोधकांनी सैनिकांना सहा प्रकारच्या सुकतळ्यांतून पायाला सर्वांत बरी वाटणारी निवडू दिली, तेव्हा पुढच्या चार महिन्यांत त्यांच्या तक्रारी कमी भरल्या. या आणि अशा निष्कर्षांवरून कॅलगरीचे बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये असे मांडले की, पायाला सुखकर वाटणे हीच निवडीची सर्वांत भरवशाची चाळणी आहे.

पायाचे माप

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले त्यात सोलापूर जिल्हाही आहे. ती चपल पहिले काही दिवस चावते, तेल घालून आणि वापरून पायाला बसते, हे इथल्या घराघरांत माहीत असते. त्या सवयीने धावण्याचा बूटही ‘घातला की सैल होईल’ म्हणून घेतला जातो. पण फोम आणि जाळीचे कापड चामड्यासारखे पायाप्रमाणे घडत नाहीत. धावण्याचा बूट दुकानातच, पहिल्या मिनिटाला बरा वाटला पाहिजे. तिथे टोचला तर तो रस्त्यावरही टोचणारच.

दुसरी अडचण रुंदीची. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाय सर्वसाधारणपणे युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतो असे त्यातून दिसले, आणि ‘भा’ या नावाने स्वतंत्र भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. बाजारातले बहुतेक बूट मात्र परदेशी साच्यावरच शिवलेले असतात. रुंद पायाचा माणूस मग एक नंबर मोठा घेतो. पुढे जागा होते, पण टाच सैल पडते आणि पाय आत घसरत राहतो.

याची परीक्षा सोपी आहे. बुटातली सुकतळी बाहेर ओढावी, फरशीवर ठेवावी आणि तिच्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहावे. करंगळीकडची कड किंवा अंगठ्याचा सांधा सुकतळीबाहेर सांडत असेल, तर तो बूट त्या पायासाठी अरुंद आहे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी. धावताना पाय थोडा फुगतो आणि पुढे सरकतो. ती जागा नसेल तर नखे काळी पडतात. दिवसभराच्या कामाने पाय किंचित फुगलेला असतो, म्हणून बूट संध्याकाळी घालून पाहावा, रोजचे मोजे घालूनच पाहावा, आणि दोन्ही पायांत पाहावा. एक पाय थोडा मोठा असणे नेहमीचे. माप त्या मोठ्या पायाचे घ्यावे. शेवटी दोन्ही बूट काउंटरवर ठेवून मागून बघावे. टाच सरळ उभी नसेल, एका बाजूला कललेली असेल, तर जोड बदलून मागावा.

मंद्रूपची जमीन

मामा : शहरातल्या बागेत हे ठीक आहे. इथं मुरमाचा रस्ता, पाणंद आणि बांध. सराटा आहे, वेडी बाभूळ आहे. तुझ्या गादीत काटा शिरला की?

भाची : हा तुमचा सर्वांत मोठा मुद्दा, मामा. याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही, पायाखाली बघूनच द्यावं लागतं.

वजन कमी राखण्यासाठी पुष्कळ मऊ बुटांच्या तळाला रबर फक्त टाचेला आणि चवड्याला असते. मधला भाग उघडा फोम असतो. बाभळीचा दोन इंची काटा त्यात लोण्यात सुरी जावी तसा शिरतो. पातळ तळाच्या बुटात काटा तत्काळ टोचतो आणि माणूस थांबतो. जाड फोमात तो आत दडून बसतो. चालताना जाणवत नाही, पण धावताना तळ दबला की टोक वर येते आणि पाय उचलला की पुन्हा आत जाते. बाहेरून पाहिले तर फक्त एक काळा ठिपका दिसतो. अशा वेळी दोन्ही अंगठ्यांनी फोम ठिपक्याच्या बाजूंनी दाबावा. मोडलेले बूड जरा वर आले की चिमट्याने सरळ रेषेत ओढावे. तिरके ओढले तर ते आत पुन्हा मोडते. मंद्रूपसारख्या भागात बूट घेताना तळ उलटा करून रबर किती आहे हे पाहणे फोमाचे नाव वाचण्याहून महत्त्वाचे आहे. सराट्याला पूर्ण रबरी तळ बराचसा अडवतो.

काळ्या जमिनीचा दुसरा गुण पावसाळ्यात कळतो. ओली माती तळाला थरावर थर चिकटते आणि दोनशे-तीनशे ग्रॅमच्या बुटाचे वजन पाहता पाहता दुप्पट होते. खोल नक्षीच्या तळात ती जास्त अडकते. त्या दिवसांत सावकाश धाव डांबरी किंवा पक्क्या मुरमाच्या रस्त्यावरच करणे शहाणपणाचे. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते, बांध ढेकळांनी खडबडीत होतो, आणि उंच मऊ बुटात घोटा मुरगळण्याची भीती वाढते. बांधावर आणि पाणंदीत धावणाऱ्याने कमी उंचीचा, तळाला रुंद बूट घ्यावा. जमीन स्वतः मऊ असेल तर गादी तितकी लागत नाही. महामार्गाच्या डांबरावर आणि गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर धावणाऱ्याला ती जास्त लागते.

तिसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूर भागात पारा चाळिशीच्या वर जातो. ईव्हीए उष्णतेने मऊ पडतो आणि तळ चिकटवणारा गोंद सुटतो. धुतलेला बूट पत्र्यावर उन्हात टाकला तर त्याचा तळ लवकर उघडतो. आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबून सावलीत वाळवणे हाच चांगला मार्ग.

पैसे आणि बुटाचे आयुष्य

मामा : सगळं पटलं असं समज. पण दहा हजारांचा बूट ज्वारीच्या किती पोत्यांचा होतो? पोराच्या बापाला विचारून बघ.

भाची : म्हणूनच दहा हजारांचा घ्या असं मी म्हणत नाही. परदेशी कंपन्यांचे जाड बूट त्याच्या वरच जातात. डेकॅथलॉनसारख्या दुकानात किंवा देशी कंपन्यांत काही हजारांत मधल्या जाडीचा बूट मिळतो, आणि सावकाश धावेला तो पुरतो. मागच्या वर्षीचं मॉडेल नवीन आल्यावर स्वस्त होतं, तेही चांगलं. एकच गोष्ट टाळायची : फर्स्ट कॉपी. वरून हुबेहूब दिसते, पण आतला फोम कसला हे कोणालाच माहीत नसतं. नावासाठी नाही, फोमासाठी पैसे द्यायचे असतात.

मामा : आणि तो टिकतो किती?

भाची : साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. आठवड्याला २५ किलोमीटर धरले तर पाच ते सात महिने. वजन, रस्ता आणि फोम यावर ते मागं-पुढं होतं. रबर झिजायच्या आधी फोम मरतो, म्हणून वरून बूट नवा दिसतो. बाजूला आडव्या सुरकुत्या पडल्या आणि अंगठ्यानं दाबलेला फोम चटकन वर येईना, किंवा काही न बदलता नडगी दुखायला लागली, की तो बूट चालायला ठेवायचा, धावायला नाही.

दुसरा जोड घेणे परवडत असेल तर त्याचा फायदाही मोजला गेला आहे. लक्झेंबर्गच्याच २६४ धावकांच्या अभ्यासात, एकाहून अधिक जोड आलटून पालटून वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास २०१५ च्या सुमाराचा. संभाव्य कारण असे की, वेगळा बूट पायावर वेगळ्या जागी ताण देतो आणि तेच हाड, तीच शीर रोज घासली जात नाही. भरतीच्या मुलासाठी याचा अर्थ सरळ आहे. जो हलका, पातळ बूट घालून तो भरतीच्या चाचणीत १६०० मीटर धावणार आहे, तो सरावाच्या जोराच्या दिवसांसाठी ठेवावा. उरलेल्या दिवसांसाठी मऊ तळाचा साधा जोड.

मामा : म्हणजे माझा पातळ बूटही राहिला आणि तुझी गादीही राहिली.

भाची : दोन्ही राहिले, पण दिवस वेगळे झाले. आता मी तुम्हाला एक विचारते. तुमची पोरं आठवड्यातून किती दिवस सोळाशे मीटर घड्याळ लावून पळतात?

मामा : रोज. पाच मिनिटं दहा सेकंदांत यायला पाहिजेत.

भाची : मग त्यांच्या नडगीचं दुखणं बुटानं बरं होणार नाही. रोज परीक्षा दिली तर अभ्यास कधी करायचा? दोन दिवस घड्याळ लावा. बाकीच्या दिवशी त्यांना एकमेकांशी गप्पा मारत पळू द्या. तोवर मऊ बूटही कामाचा नाही आणि पातळही नाही.

मामा : हे मात्र मला उमगतंय. आम्हाला फौजेत उस्ताद म्हणायचे, आज ढीला पळा. तेव्हा वाटायचं, माणूस दया करतोय. आता कळतं, तो तयारी करून घेत होता.

निवाडा

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या धावांबद्दल बोलत असतात. पातळ तळ पायाला बळकट करतो, पण वर्षानुवर्षांच्या सवयीने. मऊ तळ सावकाश धावेत दुखापतीचा धोका कमी करतो, पण फार जाडी आणि फार मऊपणा यांनी तो फायदा वाढतच जातो असे नाही.

सावकाश आणि विश्रांतीच्या धावेसाठी मंद्रूपसारख्या ठिकाणी पहिला बूट घेणाऱ्याने क्रम असा ठेवावा. आधी माप आणि रुंदी पाहावी, सुकतळीवर उभे राहून. मग पायात घालून दुकानातच चार पावले धावावे. सुखकर वाटला नाही तर किंमत कितीही कमी असली तरी परत ठेवावा. मग टाचेखालची जाडी तीस ते पस्तीस मिलिमीटरच्या आसपास, आणि वजनदार माणसासाठी जरा घट्ट फोम. मग तळाचे रबर, काट्यांसाठी. किंमत आणि कंपनीचे नाव सर्वांत शेवटी. टाचेची शीर, नडगी किंवा गुडघा आधीच दुखत असेल तर बूट घेण्याआधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांना दाखवावे. बूट औषध नव्हे.

आणि बूट घेतल्यावर दुसऱ्या पहाटे इतकेच सावकाश धावावे, की सोबत्याशी बोलणे तुटू नये.